बघण्यासारखं काय आहे?

एप्रिलचं पान फाडलं तरी टाकायचं नाही, ही माझी माहेरची सवय. कालनिर्णय यासाठी उपयोगाचं नाही, त्याच्या पाठीवर लेख छापलेले असतात. किराणावाला देतो ते मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर चांगलं, मागून स्वच्छ कोरं. त्या कोऱ्या बाजूवर परवा दुपारी मी पट्टीनं रकाने आखले. वेळ, ठिकाण, खाणं. दोन दिवस पुणे.

मे महिन्यात पुणे म्हटल्यावर कुणी हसेल. पण सोलापूरच्या उन्हात दुपारी पंखासुद्धा गरम फुंकर मारतो. आम्हाला मे महिन्यातलं पुणंही थंड हवेचं ठिकाण वाटतं.

ह्यांना इतिहास, मुलीला सिनेमा. ह्यांनी पहिल्या ओळीत शनिवारवाडा सांगितला, मुलीनं प्रभातचा जुना सिनेमा स्टुडिओ. मी दोन्ही लिहून घेतलं. पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "तितं बघण्यासारखं काय हाय?"

या प्रश्नाला आमच्या घरात आजवर कुणी धड उत्तर दिलेलं नाही.

खरं म्हणजे शनिवारवाड्यात बघण्यासारखं काही नाहीच. १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, १८२८ मध्ये आतला वाडा जळाला. तट आणि दरवाजे राहिले, आत जोती. त्या जोत्यावर उभं राहून हे गेल्या वेळी हातवारे करत होते, इथे अमुक मजला, तिथे तमुक दिवाणखाना, आणि आम्ही ह्यांच्या बोटाच्या दिशेनं मोकळ्या आभाळाकडे बघत होतो. प्रभातचं तरी काय वेगळं? कंपनी कोल्हापुरात १९२९ साली निघाली, १९३३ मध्ये पुण्यात आली, 'संत तुकाराम' इथलाच. कंपनी मिटली आणि १९६० मध्ये त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. इंद्रायणी कुठे होती, वैकुंठाला जाणारं विमान कुठून उडालं, हे माझी लेक तिथे बोट दाखवून सांगणार. तीही हातवारेच करणार. बापाची लेक. एकाला जळालेला वाडा दिसतो, दुसरीला मोडलेला सेट, आणि मधे मी पाण्याच्या बाटल्या घेऊन.

मला मात्र वेळापत्रक दिसतं. हे बाबांकडून आलं.

मी चौथीत असताना बाबा आम्हाला विजापूरला घेऊन गेले होते. एसटीनं, पहाटेच्या गाडीनं, आईनं रात्रीच बांधून ठेवलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. बाबांच्या खिशात असाच एक कॅलेंडरचा कागद होता, घडी घालून घालून मऊ पडलेला. गोलघुमटाच्या जिन्यानं वर चढता चढता माझे पाय भरून आले. वर सज्जात आल्यावर बाबांनी मला भिंतीशी बसवलं. "कान लाव. मी पलीकडून बोलतो." आणि ते त्या गोल सज्जातून चालत चालत एवढेसे झाले. एवढ्या लांबून माणूस कुजबुजला तर ऐकू येतं हे मला खरं वाटत नव्हतं. भिंत गार होती. मी श्वास धरून बसले. आदिलशहा, तोफा, काहीतरी भारदस्त ऐकू येणार अशी माझी खात्री. आणि भिंतीतून, अगदी कानाजवळ, बाबांचा आवाज आला, "परतीची गाडी सहाची हाय. त्याच्याआधी बाराकमान करायचंय."

त्या घुमटाखाली मुहम्मद आदिलशहा साडेतीनशे वर्षं झोपलाय. त्याच्या डोक्यावर आमची एसटी घुमत होती.

बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांची आठवण काढायची म्हटली की मला फोटो आधी आठवत नाही, तो भिंतीतला आवाज आठवतो.

असो. तर बघण्यासारखं काय. पुण्याची नणंद आमच्याकडे आली की हेच विचारते. सोलापुरात बघण्यासारखं काय आहे गं? आणि आम्ही उत्साहानं सांगतो, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर. एकही सोलापुरात नाही! मग सिद्धेश्वराचं दर्शन, तळ्याकाठी फोटो, दोन चादरी आणि किलोभर चटणी बांधून तिला गाडीत बसवतो. भुईकोट किल्ला देवळाला लागूनच आहे, पण ऊन फार असतं.

मुलगी म्हणाली, "आपले डॉक्टर कोटणीस की." जखमी सैनिकांवर उपचार करायला १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, बत्तिसाव्या वर्षी. त्यांच्यावर १९४६ मध्ये सिनेमा काढला व्ही. शांतारामबापूंनी, म्हणजे पुन्हा प्रभातचाच माणूस, प्रभात सोडल्यानंतरचा. स्वतःच कोटणीस झाले. इतिहास आणि सिनेमा दोन्ही एकाच घरात, आणि ते घर आमच्याच गावात. चीनहून माणसं ते बघायला येतात. मी भाजी घेऊन त्यावरून कितीदा गेले असेन. नणंदेला का नेलं नाही, असं मुलीनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, पार्किंग नसतं. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आगाखान पॅलेस लिहिलं, तो सासूबाईंसाठी. कस्तुरबांची समाधी म्हटल्यावर त्या गप्प झाल्या आणि जपाची माळ पिशवीत टाकून मोकळ्या झाल्या.

मुलगी मोबाइलवर तिकिटं बघत होती. "आई, हुतात्माला गर्दी आहे." मी म्हणाले, "हुतात्मा नको मग, नेहमी लेट होते." ह्यांनी सांगितलं, "हुतात्माच बरी, इंद्रायणीपेक्षा." असं बराच वेळ चाललं होतं. मी पहिल्या रकान्यात 'हुतात्मा' लिहिलं आणि पेन तिथेच राहिलं.

मल्लप्पा धनशेट्टी. कुर्बान हुसेन. श्रीकिसन सारडा. जगन्नाथ शिंदे. शाळेत पाठ केलेली नावं, त्याच क्रमानं आली. इंग्रजांच्या मार्शल लॉचं सोलापूर, आणि १२ जानेवारी १९३१ ला, ऐन गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर जत्रेच्या तोंडावर, पुण्याच्या येरवडा तुरुंगात चौघांना फाशी. चौकातल्या पुतळ्यांना वळसा घालून रिक्षा स्टेशनला जाते, आणि आपण त्यांच्या नावाच्या गाडीत खिडकी मिळाली म्हणून खूश.

"आगाखान पॅलेसला जाताना येरवडा लागतं का गं?" मी विचारलं.

तिनं नकाशा बघितला. "हो, जवळच आहे. का? तिथे काय आहे?"

मी 'येरवडा' लिहिलं. वेळेचा रकाना तसाच सोडला. बाबांना हे चाललं नसतं.

"आई, सांग ना. चार तिकिटं काढू?"

"चार," मी म्हणाले.