शंभर फुटी रोबोचा गुडघा

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाच्या निमित्तानं ही आठवण लिहितोय. दूरदर्शनवर जायंट रोबोट ही मालिका लागायची तेव्हा मी आपल्या शाळेत आठवी ब मध्ये होतो. आमच्या गल्लीत टीव्ही दोनच, दोन्ही ब्लॅक अँड व्हाईट, त्यामुळे ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या सोप्यात पंचवीसेक पोरं मांडी घालून बसलेली असायची आणि पडद्यावर मुंग्या आल्या की एकजण पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा. मालिका मूळची जपानी, १९६७ सालची, आपल्याकडे ऐंशीच्या दशकात आली. एका शाळकरी पोराच्या मनगटावर घड्याळ, तो त्यात बोलला की तिकडे तो अवाढव्य रोबो हलायचा, कारण त्या यंत्राच्या कानावर पहिला आवाज ह्याच पोराचा पडलेला.

बाकी सगळ्यांना ते घड्याळ पाहिजे होतं. मी मात्र रोबोच्या गुडघ्याकडे बघत बसायचो. एवढं वजन पेलून तो खाली वाकतो आणि परत उठतो कसा, आत नेमकं काय आहे?

विज्ञानाच्या तासाला मी सरांना विचारलं, सर, तसला रोबो खरंच करायचा तर कसा करायचा. सरांनी धडा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "उंची किती धरूया?" कुणीतरी मागनं ओरडलं, कारखान्याच्या चिमणीएवढी! सर म्हणाले, "शंभर फूट धरू, म्हणजे ३० मीटर." मग त्यांनी कपाटातून गणिताच्या पेटीतले लाकडी ठोकळे काढले. टेबलावर एक ठोकळा ठेवला. शेजारी त्याच्या दुप्पट उंच, दुप्पट रुंद, दुप्पट खोल असा मोठा ठोकळा रचला, त्याला आठ ठोकळे लागले, आणि मग मला पुढं बोलावून विचारलं की हे आठ ठोकळे जमिनीवर किती ठोकळ्यांवर उभे आहेत सांग बघू. चार. म्हणजे वजन आठपट, पण तळ फक्त चौपट, खालच्या प्रत्येकावर दुप्पट भार. मला आजही ती वेळ स्वच्छ आठवते, कारण त्या एका मिनिटात मला कळलं की मोठा माणूस म्हणजे छोट्या माणसाचा वाढवलेला फोटो नसतो.

फळ्यावर हिशोब झाला तो असा. माणूस १.७ मीटरचा, ७० किलोचा. रोबो त्याच्या साडेसतरापट उंच. साडेसतराचा घन केला की ५,३५९, गुणिले ७० किलो, झाले साधारण ३७५ टन. आणि हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, ज्यावर ते वजन पेलायचं, वाढलं फक्त ३०६ पट. सरांनी सांगितलं की गॅलिलिओनं १६३८ मध्ये छापलेल्या पुस्तकात एक साधं हाड आणि शेजारी राक्षसाचं हाड असं चित्र काढलंय, आणि ते राक्षसाचं हाड नुसतं लांब नाहीये, बेढब जाडजूड आहे. खूप वर्षांनी मला कळलं की मालिकेत त्या रोबोची उंची ३० मीटर आणि वजन ५०० टनच दिलेलं आहे. म्हणजे आमचा फळ्यावरचा अंदाज फार चुकला नव्हता, आणि ज्यानं कुणी तो आकडा ठरवला त्यानं बऱ्यापैकी विचार केलेला होता, कारण भरीव लोखंडाचा केला तर तोच रोबो २,९०० टनांच्या आसपास जाईल. म्हणजे तो आतनं बराचसा पोकळच असणार.

त्याच गळीत हंगामात सरांनी आमची सहल कारखान्यात नेली. ऊस चरकात दाबणारे ते रोल, आणि वरच्या रोलवर तेलाच्या दाबानं दिलेलं वजन. मिलवरच्या फिटर मामांनी पाईपवर हात ठेवून सांगितलं की ह्या बोटभर तेलात टनांनी ताकद आहे. मी त्या दिवशी घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर रोबोचा गुडघा काढला, मांडी, नळी, आणि मधे एक हायड्रॉलिक सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबानं दांडा ढकलणारं नळकांडं.

पुढे डिप्लोमा केला आणि गेली बरीच वर्षं मी एक्सकॅव्हेटरच्या, म्हणजे माती खोदणाऱ्या मशिनच्या, हायड्रॉलिक्समध्येच काम करतोय, त्यामुळे आता तो गुडघा मला नीट मोजता येतो. ५०० टनांतले समजा ४०० टन गुडघ्याच्या वर, म्हणजे एका पायावर २००. अर्धवट बसलेल्या अवस्थेत ते वजन गुडघ्यापासून साडेतीन मीटर मागे आहे असं धरलं तर ७०० टन-मीटरचा पीळ येतो, सिलिंडर सांध्यापासून दोन मीटरवर बसवला तर त्याला ३५० टन जोर लावायला लागेल. आमच्या मशिनमध्ये ३५० बार प्रेशर, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण ३५० पट, रोजचंच आहे, त्या प्रेशरला फक्त ३५ सेंटिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर पुरतो! एवढंच. हे पहिल्यांदा कॅल्क्युलेटरवर आलं तेव्हा मी रात्री दीड वाजता बायकोला उठवून सांगितलं.

पण ते झालं उठण्यापुरतं. टीव्हीवर तो एका सेकंदात उठतो ना, तिथं अडतं. सिलिंडरच्या दांड्याचा तीन मीटरचा स्ट्रोक (सरक) एका सेकंदात म्हणजे एका गुडघ्याला सेकंदाला जवळजवळ ३०० लिटर तेल, आणि ताकद साधारण १४,००० हॉर्सपॉवर. आपल्या स्टेशनवरून जायचं ते जुनं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन २,६०० हॉर्सपॉवरचं, तशी पाच-सहा इंजिनं एका गुडघ्यात बसवायला लागतील. ह्यावर माझा उपाय असा की सगळी ताकद इंजिनाकडून मागायचीच नाही. खाली बसताना त्याच्याच वजनानं दाब साठवून ठेवणारे, नायट्रोजन भरलेले अॅक्युम्युलेटर दाबून घ्यायचे आणि उठताना तीच ऊर्जा परत घ्यायची, आपल्या टाचेमागची शीर जशी स्प्रिंगसारखं काम करते तसं.

आता पाऊल. माणसाचंच पाऊल त्या मापात वाढवलं तर एका पायावर उभं राहताना चौरस मीटरला ८० टन येतात, आणि आपल्याकडची काळी माती कोरडी असताना १०-१५ टन पेलते, पावसाळ्यात तर तेही नाही. तो आपल्या शाळेच्या मैदानावर उतरला असता तर रुतलाच असता. एका पायावर नुसतं उभं राहायचं तरी एक पाऊल ४२ चौरस मीटरचं पाहिजे, म्हणजे सहा बाय सात, आमच्या आठवी ब च्या वर्गाएवढं.

उडण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण माझं मन तिथं कधी रमलं नाही. चांद्रयान-३ घेऊन गेलेलं एलव्हीएम-३ रॉकेट ४३.५ मीटर उंच आणि ६४० टनांचं, म्हणजे ह्या रोबोच्याच पंगतीतलं, पण त्यातलं बहुतेक वजन इंधनाचं आहे आणि बाजूचे दोन बूस्टर प्रत्येकी २०० टनांपेक्षा जास्त इंधन दोन मिनिटांत जाळून संपतात. हात, पाय, गुडघे ठेवायला जागाच उरत नाही.

कंपनीच्या कामानं जपानला गेलो होतो तेव्हा एक दिवस काढून योकोहामाला गेलो. तिथं बंदरावर डिसेंबर २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत १८ मीटरचा, २५ टनांचा हलता गंडम, म्हणजे जपानी कार्टून मालिकेतला रोबो, उभा होता. आत स्टीलचा सांगाडा, बाहेरचे पत्रे फायबरचे, माणसाच्या मापानं ८० टन झाला असता तो त्यांनी २५ वर आणलेला. तो गुडघा उचलताना मी एकटाच रेलिंगपाशी उभा राहून रडलो, खोटं कशाला सांगू. पण कमरेला मागनं मोठ्या सांगाड्यानं धरलेलं होतं, स्वतःच्या पायावर तो चालत नव्हता. का ते मला तिथं उभ्या उभ्याच समजलं.

ती आठवीची वही अजून माझ्याकडे आहे. गुडघ्याच्या चित्राखाली सरांनी लाल पेननं लिहिलंय, "छान. पण पाय घसरला तर?"

ह्या प्रश्नानं मला सगळ्यात जास्त छळलं. माणूस ताठच्या ताठ आडवा पडला तर डोकं ताशी २५ किलोमीटरनं आपटतं, ३० मीटरचा रोबो पडला तर १०७ नं. पत्रा, सिलिंडर, काहीच वाचणार नाही. पण गेल्या वर्षी एक गोष्ट लक्षात आली. उंची साडेसतरापट झाली की पडायला लागणारा वेळही त्याच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो, म्हणजे चारपट. आपण सेकंदभरात खाली येतो, त्याला चार सेकंद लागतील. आणि चार सेकंद म्हणजे हायड्रॉलिक्समध्ये भरपूर वेळ आहे हो! तोल गेल्याचं सेन्सरला कळलं की दोन्ही गुडघ्यांचे व्हॉल्व्ह उघडायचे, तेल अॅक्युम्युलेटरमध्ये सोडायचं, आणि त्याला पडू देण्याऐवजी जागच्या जागी खाली बसवायचं.

सर आता थकलेत, कानानं कमी ऐकू येतं असं कळलं. म्हणून कार्यक्रमाला येताना हे गणित मी कार्डशीटवर मोठ्या अक्षरात लिहून आणणार आहे, आणि सोबत ती वही.