सफोकच्या शेतात, जमिनीला कान लावून

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोक परगण्यात जायचं तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ गाठावा. गहू-बार्लीची कापणी उरकलेली असते, पुढची पेरणी व्हायची असते, आणि मधल्या थोड्या आठवड्यांत धसकटांची ती लांबरुंद शेतं मेटल डिटेक्टर घेऊन मातीतल्या जुन्या वस्तू शोधणाऱ्या छंदिष्टांना, डिटेक्टरवाल्यांना, मोकळी मिळतात. मी मुद्दाम तेव्हाच गेलो. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून इप्सविचला पोचायला जेमतेम सव्वा तास लागतो. पुढे मात्र गाडी हवीच, कारण खेडोपाडी जाणाऱ्या बस फार कमी.

माझे यजमान निवृत्त वीजतंत्री. त्यांचा सगळा मोकळा वेळ शेतांत जातो. शेतमालकाची लेखी परवानगी खिशात, कानाला हेडफोन, एका हातात डिटेक्टर, कमरेला खुरपं. डिटेक्टरच्या गोल कॉइलमधून सतत बदलता विद्युतप्रवाह वाहतो आणि खाली चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मातीत धातू असला की त्यात छोटे प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र उमटतं आणि यंत्र ते टिपतं. प्रत्येक धातूचा प्रतिसाद वेगळा, म्हणून आवाजही वेगळा. लोखंड खर्जात गुरगुरतं. चांदी आणि तांबं वरच्या पट्टीत, स्वच्छ वाजतं. सरावलेला कान खणण्याआधीच बरंच ओळखतो. नाण्याएवढी वस्तू साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत कळते, म्हणजे नांगर फिरतो तेवढ्याच थरात. ही मर्यादा मला फार महत्त्वाची वाटली. या थरातल्या वस्तू नांगराने आधीच इकडच्या तिकडे केलेल्या असतात आणि खतांमुळे झिजतही असतात. त्याखालची अबाधित माती मात्र पुरातत्त्वज्ञांची. आवाज खोलवरून येत असेल, तर थांबायचं आणि कळवायचं.

सकाळभर निघाली ती काडतुसांची पितळी बुडं, शिशाच्या गोळ्या, बटणं, तुटके बकल. दुपारी शेजारच्या माणसाने हाक मारली. त्याच्या तळहातावर नखाएवढा, त्रिकोणी, काळपट चांदीचा तुकडा होता: इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्री राजाच्या पेनी या नाण्याचा पाव भाग. १२४७ पासून पाडलेल्या या पेनीच्या मागच्या बाजूचा क्रूस थेट कडेपर्यंत नेला होता, म्हणजे कुणी कडा कातरून चांदी चोरली तर लगेच दिसावं. लोकांनी तोच क्रूस मोजपट्टीसारखा वापरला. त्या रेषांवर कापून अर्धी आणि पाव पेनी करायची, कारण सुट्टे पैसे होतेच कुठे! गोल अर्धी पेनी आणि फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, सर्रास पाडली जाऊ लागली ती पहिल्या एडवर्डच्या काळात, १२८० च्या सुमारास. राजाराण्यांच्या इतिहासात न सापडणारा बाजार त्या तुकड्यात होता. कुणीतरी काहीतरी विकत घेताना तो कापला होता. यजमानांनी आधी जीपीएसवर जागा नोंदवली, मग तुकडा पिशवीत घालून वर क्रमांक लिहिला. त्याआधी कुणी तो पुसलासुद्धा नाही.

जागेची एवढी काळजी का, ते हॉक्सनला समजतं. नकाशावर दिसणार नाही इतकं छोटं गाव. नोव्हेंबर १९९२ मध्ये पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने एरिक लॉझ या निवृत्त माळी असलेल्या मित्राला डिटेक्टर घेऊन बोलावलं. हातोडा शोधता शोधता लॉझना लागले चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, नाणी. काही वस्तू वर काढल्यावर त्यांनी हात थांबवला, बाकीचं जमिनीतच ठेवलं आणि अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी ते उत्खनन केलं. जवळजवळ पंधरा हजार रोमन नाणी, त्यांतली ५६९ सोन्याची. शिवाय एका रोमन स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची मिरपुडीची डबी. पण मला सगळ्यांत भावलं ते वेगळंच. खजिना जागेवर मिळाला म्हणून कळलं की तो ओकच्या लाकडी पेटीत होता, आत छोट्या कुलूपबंद डब्या होत्या, मौल्यवान वस्तू गवत-कापडात गुंडाळून नीट रचल्या होत्या. घाईने पळणाऱ्याची ही रचना नाही. परत येऊ अशी खात्री असलेल्या कुटुंबाची आहे. सगळ्यांत अलीकडची नाणी ४०७-०८ ची, म्हणजे रोमन सत्ता ब्रिटनमधून ओसरत होती तेव्हाची. हेच सगळं ओंजळी भरभरून उपसलं असतं, तर नाण्यांची किंमत तीच राहिली असती आणि कुटुंब मात्र कायमचं हरवलं असतं. बक्षिसाचे साडेसतरा लाख पौंड लॉझना मिळाले, त्यांनी ते व्हॉटलिंगबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला, आणि तोही ब्रिटिश म्युझियमने घेतला.

सगळीकडे असं घडत नाही. २०१० मध्ये वायव्य इंग्लंडमधल्या कंब्रियातल्या क्रॉस्बी गॅरेटजवळ रोमन घोडेस्वाराचं मुखवट्यासह शिरस्त्राण निघालं. जमिनीतून निघालेल्या खजिन्यावर संग्रहालयांना पहिला हक्क देणाऱ्या १९९६ च्या ट्रेझर कायद्यात भर होता सोन्या-चांदीवर. हे तर तांब्याच्या मिश्रधातूचं, एकटं. कायद्याच्या व्याख्येत बसलं नाही, लिलावात बावीस लाख पौंडांहून जास्त किमतीला खासगी हातात गेलं. कार्लाइलच्या संग्रहालयाने लोकांकडून वर्गणी जमवली होती, ती अपुरी पडली. २०२३ मध्ये व्याख्या रुंदावली, आता दोनशे वर्षांहून जुनी, असाधारण महत्त्वाची धातूची वस्तूही त्यात येते. तेरा वर्षं लागली, याचं मला वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी भेटले काडीवाले, आपल्या भाषेत पाणाडे. आपल्याकडे तळहातावर आडवा नारळ ठेवतात, इथे हेझलची दुबेळकी फांदी किंवा काटकोनात वाकवलेल्या दोन पितळी तारा. एक वृद्ध बाई एका जुन्या चर्चशेजारच्या कुरणात त्या तारा धरून सावकाश चालत होत्या. एका जागी तारा एकमेकींवर आल्या. त्या म्हणाल्या, "इथे खाली जुनी भिंत आहे." मग तारा माझ्या हातात दिल्या. त्याच जागी माझ्याही तारा वळल्या, आणि मी त्या वळवल्या नव्हत्या एवढं मी शपथेवर सांगेन.

याचं स्पष्टीकरण १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दिलं आहे: अपेक्षा मनात असली की स्नायू आपल्या नकळत हलतात, आणि अशा सैल धरलेल्या तारांना अगदी इवलासा झुकाव पुरतो. मला जागा आधीच ठाऊक होती. म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये मोठी चाचणी झाली. सुमारे पाचशे पाणाड्यांतून ४३ उत्तम निवडले. ते कोठाराच्या माळ्यावर, आणि खाली पाण्याचा नळ दर वेळी वेगळ्या जागी सरकवलेला. नंतरच्या कठोर छाननीत निकाल अंदाजपंचे सांगण्यापलीकडे गेले नाहीत. तरीही पाणाड्यांनी दाखवलेल्या विहिरींना पाणी लागतं, त्याचं कारण सफोकच्या पोटात आहे: इथल्या चॉकच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या खडकात भेगाभेगांतून पाणी दूरवर पसरलेलं आहे, ते झऱ्यासारखं एकाच रेषेत धावत नाही. बऱ्याच ठिकाणी खोदलं तरी ते लागेलच.

तरीही त्या बाईंबरोबरची सकाळ मला मोलाची वाटते. गवताचा रंग कुठे बदलतो, जमीन कुठे किंचित उंचावते, नेटलची, म्हणजे अंगाला लागली की आग होणारी झुडपं कुठे दाटतात, हे त्या चालता चालता दाखवत होत्या. वस्तीच्या जुन्या जागी माती कसदार होते आणि तिथे तीच झुडपं माजतात. हे निरीक्षण पक्कं आहे. तारांपेक्षा त्यांच्या नजरेवर माझा विश्वास बसला.

शेवटी सटन हू, म्हणजे अँग्लो-सॅक्सन काळातल्या जहाजासकट दफनाची प्रसिद्ध जागा, आणि तिथून सहा-सात किलोमीटरवरचं रेंडलशम. सटन हूला १९३९ मध्ये बॅझिल ब्राउन यांनी २७ मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा वाळूतून मोकळा केला, तो उंचवटा पाहायला गर्दी असते. रेंडलशमला पाहण्यासारखं वर काहीच नाही, आणि मी तिथे जास्त रेंगाळलो. रात्री चोरून शेतं धुंडाळणाऱ्यांमुळे तिथला जमीनमालक त्रासला होता. २००८ पासून परगण्याच्या पुरातत्त्व विभागाने चार अनुभवी डिटेक्टरवाल्यांना बरोबर घेऊन पद्धतशीर पाहणी केली, वस्तू जिथे निघाली तिथली नोंद ठेवली. नोंदींतून सातव्या शतकाच्या आसपासची श्रीमंत वस्ती उभी राहिली, आणि २०२२ च्या उत्खननात २३ मीटर लांब, १० मीटर रुंद राजेशाही दालनाचा पाया मिळाला. आठव्या शतकात बीड या इतिहासकार साधूने लिहिलेलं राजाचं ठिकाण ते हेच. चोरांनी ज्या यंत्राने शेत लुटलं, त्याच यंत्राने ते वाचवलं.

कुणाला तिकडे जाऊन हा छंद करून पाहायचा असेल तर क्लबबरोबरच जा. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. संरक्षित स्मारकाच्या जागी खास परवान्याशिवाय डिटेक्टर नेणं हा गुन्हा आहे. ट्रेझर ठरेल असं काही लागलं तर चौदा दिवसांत कळवावं लागतं, आणि बाकी वस्तू पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याला दाखवाव्यात. तिथल्या मातीतून निघालेली पन्नास वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची तर निर्यात परवाना लागतो. तो पावपेनीचा तुकडा इप्सविचलाच राहिला, नोंदीसाठी.