फिरोजपूर, हुसैनीवाला आणि स्टिकरवरचा भगतसिंग

मुंबईहून पंजाब मेलने थेट फिरोजपूर गाठता येतं. संध्याकाळी निघालात की तिसऱ्या दिवशी पहाटे पोचता. स्टेशनबाहेर पडल्यापासून भगतसिंग पाठ सोडत नाही. रिक्षाच्या मागे, ट्रकच्या फाळक्यावर, बुलेटच्या टाकीवर. बहुतेक ठिकाणी पिवळी पगडी, पिळदार मिशा आणि हातात पिस्तूल. २०२२पासून पंजाबच्या सरकारी कचेऱ्यांतही आंबेडकरांशेजारी पिवळ्या पगडीतलाच भगतसिंग लागलाय.

ही सगळी चित्रकारांची करामत. त्याचे खरे फोटो जेमतेम चार, आणि पिस्तूल एकातही नाही. हॅटवाला फोटो १९२९च्या एप्रिलमधला, असेंब्लीत बाँब टाकण्याआधी दिल्लीत मुद्दाम काढून घेतलेला. म्हणजे आपण कसं दिसावं हे त्या पोराने स्वतः ठरवलं होतं. तरी खपते पगडीच. मला ते खटकलं.

बाजारात स्टिकरवाल्याला राजगुरूचं विचारलं. पगडीवाल्यांची चळत सरळ करत तो म्हणाला, "ओ नहीं चलदा जी." ब्रिटिश पोलीस अधिकारी साँडर्सच्या वधानंतर लाहोरहून रेल्वेने निसटताना भगतसिंग हॅट घालून साहेब झाला, सहकारी दुर्गाभाभी मडम, आणि आपला खेडचा राजगुरू नोकर! स्टिकरवाल्यांनी त्याला अजून त्या डब्यातून उतरवलेलं दिसत नाही.

सीमेजवळच्या हुसैनीवाल्यातल्या स्मारकात मात्र भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव तिघे बरोबरीने आहेत. २३ मार्च १९३१च्या रात्री फाशीनंतर लाहोर तुरुंगातून देह गुपचूप आणून इथेच सतलजकाठी जाळले. फाळणीत जागा पाकिस्तानात गेली. १९६१मध्ये बारा गावं देऊन ती परत घेतली. शेजारी असेंब्लीत भगतसिंगाबरोबर बाँब टाकणाऱ्या बटुकेश्वर दत्तांचीही समाधी आहे, ती चुकवू नका. लोक तिघांच्या पुतळ्यांसमोर सेल्फी काढून थेट सीमेवरच्या परेडला पळतात.

शहरापासून हे अंतर दहा-अकरा किलोमीटर. रिक्षा येण्या-जाण्याची ठरवा, परतताना मिळेलच असं नाही. परेडची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, सीमेवर तणाव असला की ती बंदही असते. आदल्या दिवशी हॉटेलात विचारा. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. समाधीपाशी दुपारीच पोचा, म्हणजे निवांत वाचता येतं. हिवाळ्यात धुक्याने गाड्या रखडतात, तेव्हा परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. खटकड कलाँ गावातलं भगतसिंगाचं वडिलोपार्जित घर आणि संग्रहालय बघायचं तर बंगा गावी उतरा, सोमवार टाळा. २३ मार्चला हुसैनीवाल्यात मेळा भरतो, खास रेल्वेही सुटते. गर्दी झेपत असेल तरच तो दिवस धरा.