वरून कोरडं, आतून ओलं

"ताई, वरून सुकलंय, आतून नाही." बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या कोटिंग युनिटमधल्या काकांनी पॅनलवर अंगठा दाबून किंचित फिरवला. रंग बोटाला लागला नाही, पण पापुद्रा सुरकुतला.

लॅपटॉपवर, थर सुकला की नाही याचा आकड्यांवरून अंदाज बांधणारं मॉडेल मात्र 'कोरडं' सांगत होतं.

दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय. रंगाच्या, म्हणजे पॉलिमरच्या थरातून सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारा द्रव) आधी भराभर उडतो. मग वरचा भाग घट्ट होतो, आतल्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही आणि वजन घटणं जवळजवळ थांबतं. आलेख सपाट. मॉडेलला तेवढंच दिसतं. घाईने भट्टी जास्त तापवली तर पापुद्रा आणखी लवकर धरतो, वर फोड येतात ते वेगळंच.

मॉडेल शिकलंय पातळ थरांच्या आकड्यांवर, इथला थर चांगलाच जाड. जाडी दुप्पट झाली की आतला सॉल्व्हंट बाहेर यायला ढोबळमानाने चौपट वेळ लागतो. हे भौतिकशास्त्र मॉडेलमध्ये आधीच घालायला हवं. नुसत्या आकड्यांतून ते आपोआप उमगेल, हे मला पटत नाही.

आणि काकांसारख्यांची पारख कुठल्याच नोंदवहीत उतरत नाही, याचं फार वाईट वाटतं. बडोद्यात कोटिंगचं काम करणाऱ्यांपैकी कुणी थराची जाडी, भट्टीचं तापमान आणि हाताने तपासलेला निकाल एकत्र लिहून ठेवतं का?