काचेवरचं निलगिरीचं पान

१२ जानेवारी

आज चांगलीच थंडी होती, त्यामुळे काचांवर श्वास नीट धरत होता.

माझ्या प्रदर्शनाची मांडणी अशी: खोलीत टांगलेल्या बारा काचा, मधे निलगिरीच्या फांद्यांचा भारा. पानं आता सुकलीत, पण एखादं चुरगळलं की वास थेट नाकात चढतो. काच तशी कोरीच दिसते. जवळ जाऊन ‘हाऽ’ केलं की वाफ धरते आणि मधे विळ्यासारखं वाकडं पान मोकळं राहतं. साबणाच्या वडीने पान काढून फडक्याने पुसून घेतलंय. साबण लागलाय तिथे थेंब धरत नाहीत. चारपाच सेकंदांत सगळं विरतं. ऊन चढलं, काच तापली की तेही दिसत नाही. म्हणून प्रदर्शनाची वेळ सकाळी सात ते दहाच ठेवली.

हे सुचलं ते नावावरून. झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. १७९० च्या सुमारास टिपू सुलतानाने ते बंगळूरजवळच्या नंदी टेकड्यांवर लावलं, असं सांगतात. १८४३ पासून इंग्रजांनी निलगिरी पर्वतात लावलं, पुढे उटीच्या सरपणासाठी त्याची मोठी लागवड झाली. आपण मराठीत त्याला त्या डोंगराचंच नाव देऊन टाकलं. तिथली शोला जंगलांभोवतीची (शोला म्हणजे डोंगरांच्या घळींतली बुटकी सदाहरित जंगलं) गवताळ कुरणं मात्र या लागवडीखाली गेली. त्याचं मला फार वाईट वाटतं. आणि तरीही लहानपणी सर्दी झाली की आई रुमालावर दोन थेंब टाकायची, त्या वासावरच मला झोप लागायची.

नऊच्या सुमारास एक काकू आल्या. “मला जमेल का गं? दम लागतो मला.” पहिल्यांदा रुपयाएवढीच वाफ धरली, पानाचं नुसतं टोक दिसलं. मग त्या अगदी काचेला टेकल्या. तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, “देठ दिसला बघ!”

जाताना एक पान चुरगळून हुंगत राहिल्या. “आमच्या बांधावर होती ही झाडं. विहीर आटायला लागली म्हणून ह्यांनी तोडून टाकली. वाफारा मात्र मी अजून ह्याच्याच तेलाचा घेते.”

दहानंतर काचा पुसायला घेतल्या. त्यांच्या काचेवर मी सहज ‘हाऽ’ केलं, तर पानाच्या वर त्यांच्या कपाळाचा ठसा उमटला. एवढी एक काच तशीच ठेवलीय.