हाडांना आधी वय विचारावे लागते

उत्खननातील हाडांविषयी बोलताना मला हमखास विचारले जाते, ‘तो प्राणी माणसाच्या कोणत्या उपयोगाचा होता, हे नुसत्या हाडांवरून कसे समजते?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा हत्याराच्या खुणा असतात. त्या मिळतातही: सांध्याजवळच्या खुणा अवयव सुटे केल्याचे, तर फोडलेली नळीची हाडे आतला मगज काढल्याचे सांगतात. पण त्यातून प्राणी कापून खाल्ला गेला एवढेच कळते, आणि वर्षानुवर्षे दूध दिलेली किंवा नांगर ओढलेली जनावरेही अखेर खाल्ली जात असत.

म्हणून मी आधी जबडे बाजूला काढतो. दुधाचे दात पडले होते का, दाढा किती झिजल्या होत्या, लांब हाडांची टोके मधल्या भागाशी जुळून आली होती का, यांवरून मरतेवेळचे वय ठरवता येते. कळप मांसासाठी असेल, तर बहुतेक नर दीड ते अडीच वर्षांच्या सुमारास मारलेले दिसतात, कारण त्यापुढे चारा खर्च होतो आणि वजन फारसे वाढत नाही. दुधासाठी असेल, तर नर पिल्ले अगदी कोवळ्या वयात मारलेली आढळतात. लोकरीसाठी असेल, तर वयस्क मेंढेही राखलेले असतात. प्रत्यक्षात एकच कळप तिन्ही कामांसाठी पाळला जाई, त्यामुळे चित्र इतके स्वच्छ क्वचितच मिळते.

तरीही ही पद्धत किती दूरवर नेते, हे इराणच्या झाग्रोस पर्वतातील गंज दारे येथे दिसते. तेथील सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या शेळ्या आकाराने रानटी शेळ्यांसारख्याच होत्या. मात्र नर लहानपणीच मारलेले आणि माद्या पुष्कळ जगलेल्या आढळल्या. शिकारी सहसा मोठा नर टिपतो. माद्या जपणारा माणूस पुढच्या वर्षीच्या पिल्लांचा विचार करत असतो, म्हणजेच तो कळप राखत असतो.

ओढकामाच्या बैलांच्या पायांची हाडे रुंदावतात, सांध्यांवर जास्तीचे हाड चढते. पण म्हातारपणीही तसे होते, म्हणून एखाद्या हाडावरून मी निकाल देत नाही. आणि माती बारीक चाळली नसेल, तर माशांची चिमुकली हाडे हातातून निसटतात, म्हणून अशा वेळी ‘येथे मासे खात नसत’ हे विधान मी ऐकूनही घेत नाही.

क्वचित वयाचा काहीच उपयोग होत नाही. सायप्रसमध्ये सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका दफनाशेजारी, जेमतेम 40 सेंटीमीटरवर, आठ महिन्यांच्या मांजराचा अखंड सांगाडा मिळाला. हाडांवर कापल्याची खूण नव्हती. सायप्रस बेटावर मूळची मांजरे नव्हती, म्हणजे त्याचे पूर्वज होडीतून आणलेले असणार. माणसाचे आणि मांजराचे डोके एकाच दिशेला ठेवलेले होते.