यादीत न दिसणारा कॅमेरा

चाकणमधील एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करणारा गिगई व्हिजन (नेटवर्क केबलने संगणकाला चित्रे पाठवणारा) कॅमेरा आज सकाळपासून संगणकाच्या यादीत दिसत नव्हता. त्याला केबलमधूनच वीज मिळत होती आणि दिवाही हिरवा होता. तरीही पहिला तास मी केबल बदलण्यात घालवला, याची मनापासून खंत वाटते, कारण तोवर उत्पादनाची संपूर्ण लाइन थांबलेली होती.

दोष नेटवर्कवरच्या पत्त्यांत होता. पत्ते वाटून देणारा डीएचसीपी सर्व्हर नसल्यामुळे कॅमेऱ्याने स्वतःहून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतला होता, तर संगणकातील त्याच्यासाठी राखलेल्या नेटवर्क कार्डावर कोणीतरी १९२.१६८.१.१० हा कायमचा पत्ता घालून ठेवला होता; पत्ते वेगळ्या गटांतले असल्यामुळे दोघांचा संवाद होत नव्हता. कार्डाचा पत्ता १६९.२५४.१०.१ आणि सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे ठरवणारा आकडा) २५५.२५५.०.० केल्यावर पिंगला, म्हणजे संपर्क तपासणाऱ्या संदेशाला, उत्तर येऊ लागले, पण यादी रिकामीच राहिली. संगणक अशा कॅमेऱ्याचा शोध यूडीपी या संदेशपद्धतीच्या ३९५६ क्रमांकाच्या पोर्टवर हाक देऊन घेतो, आणि अनोळखी नेटवर्कला विंडोज ‘सार्वजनिक’, म्हणजे कमी विश्वासाचे, समजत असल्यामुळे कॅमेऱ्याचे उत्तर फायरवॉल या संरक्षक गाळणीपाशीच अडत होते. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरला तेथे परवानगी दिली आणि काही क्षणांतच त्याचे नाव यादीत उमटले.

चित्रात मात्र अजून अधूनमधून पट्टे दिसतात. उद्या जंबो फ्रेमची (नेटवर्कवरच्या मोठ्या आकाराच्या डेटा-पाकिटांची) मांडणी तपासणार आहे.